लहरी सगळ्यांच्या, रेंज कुणाची?

किनवट तालुक्यातल्या एखाद्या वाडीत उभे राहून फोनकडे पाहिले, की वरच्या कोपऱ्यात कधी 'नो सर्व्हिस' असे दिसते, तर कधी 'इमर्जन्सी कॉल्स ओन्ली'. बहुतेकांच्या लेखी दोन्हींचा अर्थ एकच, रेंज नाही. प्रत्यक्षात या दोन सूचनांत मोठा फरक आहे. पहिली सांगते, की इथे कोणत्याच टॉवरची लहर पोहोचत नाही. दुसरी सूचना साधारणपणे तेव्हा येते, जेव्हा लहर पोहोचते आहे, पण ती तुमच्या सिमच्या कंपनीची नाही. म्हणजे टॉवर आहे, त्याला वीज आहे, त्याचा सिग्नल घराच्या भिंतीतून आत आला आहे; फक्त तो तुमच्यासाठी नाही.

पहिली अडचण डोंगराची, जंगलाची आणि पैशाची आहे. दुसरी वाटपाची आहे. मोबाइल कंपन्यांमध्ये स्पेक्ट्रम कसा वाटला जावा आणि एकाच्या वाट्याचा दुसऱ्याला कधी वापरता यावा, हा दिल्लीतल्या फायलींचा विषय वाटतो. पण त्याचा शेवटचा परिणाम गोकुंद्याच्या उपजिल्हा रुग्णालयापर्यंत येणाऱ्या वाटेवर दिसतो.

किनवट आणि शेजारचा माहूर हे नांदेड जिल्ह्याचे डोंगरी, सागवानी टोक. गोंड, कोलाम, आंध, प्रधान समाजाच्या वस्त्या विखुरलेल्या, मध्ये पैनगंगा आणि तिच्या नावाचे अभयारण्य. किनवटहून आदिलाबाद जवळ, नांदेड लांब. बाईला कळा सुरू झाल्या, की पहिला फोन आशाताईला आणि दुसरा 108 ला जातो. महाराष्ट्रात 108 ची रुग्णवाहिका सेवा 2014 मध्ये सुरू झाली आणि तिची सगळी रचना एका गृहीतकावर उभी आहे, की फोन लागेल. आता त्यात ई-संजीवनीवरचा डॉक्टरांचा सल्ला, आशाताईंच्या मोबाइलमधल्या नोंदी, सिकलसेलच्या तपासण्यांची माहिती, रेशन दुकानातला अंगठा हे सगळे येऊन मिळाले आहे. उपचाराची पहिली कडी आता औषधाची नसून सिग्नलची आहे.

इथे एक गोष्ट प्रत्येक घरात माहीत असायला हवी. फोनवर 'इमर्जन्सी कॉल्स ओन्ली' दिसत असेल, तर 112 हा क्रमांक कोणत्याही उपलब्ध कंपनीच्या टॉवरवरून जाऊ शकतो. जगभरच्या मोबाइल मानकांतच ती सोय आहे. 108 चे तसे नाही. तो आपत्कालीन क्रमांक म्हणून फोनच्या किंवा सिमच्या यादीत असेलच असे नाही, आणि नसेल तर फोन त्याला साधा कॉल समजून नाकारतो. ज्या क्रमांकाची सवय लावली गेली, तोच नेमक्या वेळी अडू शकतो.

आता स्पेक्ट्रमविषयी. टू-जीच्या गदारोळात मराठी वृत्तपत्रांनी त्याला 'ध्वनिलहरी' म्हणायला सुरुवात केली आणि तो शब्द अजून मधूनमधून डोके वर काढतो. ध्वनीशी याचा संबंध नाही. या रेडिओलहरी, म्हणजे प्रकाशाच्याच भाऊबंदातल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या. त्यांची कंपनसंख्या मेगाहर्ट्झमध्ये मोजतात. दोन कंपन्यांनी एकाच जागी एकाच कंपनसंख्येवर, एकमेकांना न विचारता प्रक्षेपण केले, तर दोघांचेही बोलणे बिघडते. म्हणून पट्टे पाडायचे आणि प्रत्येकाला वेगळा पट्टा द्यायचा. पट्टे मर्यादित, मागणारे अनेक, म्हणून वाटपाचा प्रश्न.

हे पट्टे कुणाच्या मालकीचे, याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने 9 फेब्रुवारी 1995 रोजी दिले. क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून उद्भवलेल्या त्या खटल्यात न्या. पी. बी. सावंत यांच्यासह तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले, की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचा वापर लोकहितासाठी व्हायला हवा. पुढे 2008 मध्ये 'जो आधी येईल त्याला' पद्धतीने दिलेले 122 परवाने फेब्रुवारी 2012 मध्ये रद्द झाले, आणि मोबाइलच्या स्पेक्ट्रमसाठी लिलाव हाच राजमार्ग ठरला. फौजदारी खटल्यातले सगळे आरोपी डिसेंबर 2017 मध्ये निर्दोष सुटले. पण तोवर लिलाव म्हणजे न्याय, आणि जास्त बोली म्हणजे जास्त न्याय, हे समीकरण पक्के झाले होते.

मराठवाड्यातल्या वाचकाला वाटपाचे गणित समजावून सांगावे लागत नाही. जायकवाडीच्या निमित्ताने 'समन्यायी पाणीवाटप' हा शब्द इथल्या बोलण्यात रुळला आहे. वरच्या धरणांनी किती अडवायचे, खाली किती सोडायचे, 2005 च्या कायद्याचे कलम काय म्हणते, हे चहाच्या टपरीवरही ऐकू येते. स्पेक्ट्रमची तुलना पाण्याशी करता येते, पण एका ठिकाणी ती तुटते आणि तेच महत्त्वाचे आहे. न वापरलेले पाणी धरणात राहते, उद्या कामाला येते. न वापरलेला स्पेक्ट्रम त्या क्षणीच वाया जातो. किनवटच्या डोंगरात एखादा पट्टा आज रिकामा पडून राहिला, तर तो उद्यासाठी साठत नाही. दुसरा फरक असा, की तोच पट्टा पुण्यात आणि किनवटमध्ये एकाच वेळी, एकमेकांना धक्का न लावता वापरता येतो. पुण्याने वापरला म्हणून किनवटचा कमी होत नाही.

तरीही परवाना मात्र दोन्हींचा एकत्र विकला जातो. देशाचे 22 दूरसंचार विभाग केले आहेत. मुंबई वगळून उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक विभाग. कंपनी बोली लावते ती या अख्ख्या विभागासाठी, आणि तिचे हिशेब अर्थातच पुणे, नागपूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर पाहून होतात. जिथे तिचा टॉवर कधीच उभा राहणार नाही, त्या दरीतला पट्टाही तिच्याच नावावर राहतो. दुसऱ्या कंपनीचा टॉवर त्याच दरीत असेल आणि त्याच्यावर गर्दीने ताण येत असेल, तरी शेजारचा रिकामा पट्टा त्याला परस्पर वापरता येत नाही.

सगळे पट्टे सारखेही नसतात. 700 मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण 43 सेंटिमीटर, तर फाइव्ह-जीसाठी शहरांत वापरल्या जाणाऱ्या 3,500 मेगाहर्ट्झच्या लहरीची जेमतेम साडेआठ सेंटिमीटर. कंपनसंख्या पाचपट झाली, की त्याच जातीच्या अँटेनासाठी मोकळ्या हवेतही तेवढ्याच अंतरावर पोहोचणारी शक्ती पंचविसाव्या हिश्शावर येते. शिवाय लहान लहर झाडीत आणि भिंतीत लवकर अडकते. सागवानाचे पान मोठे, पावसाळ्यात ओले, आणि पाणी रेडिओलहरी शोषून घेते. उन्हाळ्यात साग निष्पर्ण होतो, तेव्हा तोच टॉवर जरा लांबपर्यंत पोहोचू शकतो. पैनगंगेला पूर आलेला असतो, वाटा बंद असतात, नेमके तेव्हाच जंगलातली लहर सर्वांत दुबळी असते. अशा मुलखासाठी 700, 800, 900 मेगाहर्ट्झ हे खालचे पट्टेच खरे उपयोगाचे.

आणि यातल्या 700 च्या पट्ट्याचे काय झाले? 2016 च्या लिलावात त्याची राखीव किंमत देशभरासाठी एका मेगाहर्ट्झला 11,485 कोटी रुपये ठेवली गेली. एकही बोली आली नाही. मार्च 2021 मध्ये ती 6,568 कोटींवर आणली. तरी कुणी फिरकले नाही. 2022 मध्ये 3,927 कोटींवर आल्यावर एकट्या जिओने तो घेतला, आणि बीएसएनएलसाठी सरकारने वेगळा हिस्सा राखला. म्हणजे डोंगराळ भागाला सर्वांत सोयीची लहर सहा वर्षे देशभर रिकामी पडून होती. तिजोरीचे नुकसान होऊ नये म्हणून किंमत चढी ठेवली, तर तिजोरीला काही मिळाले नाही आणि वाडीलाही नाही. टू-जीच्या काल्पनिक तोट्याचा 1.76 लाख कोटींचा आकडा देशाला पाठ झाला. या सहा वर्षांचा हिशेब कुणी मांडल्याचे दिसत नाही.

2022 चा लिलाव सात दिवस चालला आणि 1,50,173 कोटी रुपये मिळाले. जून 2024 मध्ये मात्र विक्रीला काढलेल्या दहा हजारांहून अधिक मेगाहर्ट्झपैकी फक्त 141.4 मेगाहर्ट्झ विकले गेले, दीड टक्क्याहूनही कमी. घेणारेच तीन उरले, त्यातल्या व्होडाफोन आयडियामध्ये थकबाकीच्या बदल्यात सरकारचाच वाटा 2025 मध्ये 49 टक्क्यांच्या जवळ गेला. अशा बाजारात लिलाव हा न्याय्य वाटपाचा एकमेव मार्ग आहे, असे म्हणणे दिवसेंदिवस अवघड होत आहे.

दुसरा मार्ग म्हणजे वाटून वापरणे. त्याच्या पायऱ्या आहेत. सर्वांत सोपी पायरी टॉवरचा सांगाडा, वीज आणि बॅटऱ्या वाटून घेण्याची. ती भारतात जुनी आहे, एका सांगाड्यावर दोन-तीन कंपन्यांचे अँटेना सर्रास दिसतात. पुढची पायरी एकच रेडिओ यंत्रणा दोघांसाठी चालवण्याची. त्यापुढची प्रत्यक्ष स्पेक्ट्रम एकत्र करण्याची. आणि या सगळ्यांना बगल देणारी युक्ती म्हणजे सर्कलअंतर्गत रोमिंग: माझ्या कंपनीचा टॉवर नसेल तिथे माझ्या सिमने दुसऱ्याच्या टॉवरवर जायचे, हिशेब कंपन्यांनी आपसात करायचा.

स्पेक्ट्रम एकत्र करण्याचा फायदा बेरजेपेक्षा थोडा अधिक असतो. रेल्वे स्थानकावर दोन खिडक्यांपुढे दोन वेगळ्या रांगा असल्या, की एक खिडकी मोकळी बसते आणि दुसरीपुढे गर्दी तुंबते. दोन्ही खिडक्यांना मिळून एक रांग केली, की तेवढ्याच कारकुनांत जास्त लोकांची सोय होते. दोन कंपन्यांचे पाच-पाच मेगाहर्ट्झ एकत्र आले, की हेच घडते, कारण दोघांच्या गर्दीची वेळ तंतोतंत एक नसते.

केंद्राने सप्टेंबर 2015 मध्ये स्पेक्ट्रम वाटून वापरण्याचे नियम केले खरे, पण अटी अशा, की पुढे यायला कुणी धजावू नये. दोन्ही कंपन्यांकडे एकाच पट्ट्यातला स्पेक्ट्रम हवा. एकाकडे 900 आणि दुसऱ्याकडे 1,800 असेल तर नाही. जोडीदाराच्या स्पेक्ट्रमचा निम्मा भाग आपल्या कमाल मर्यादेत धरला जाणार. शिवाय महसुलाच्या अर्धा टक्का जादा आकार. वाटून खाल्ल्याबद्दल दंड, असाच तो प्रकार होता. हा अर्धा टक्का सप्टेंबर 2021 च्या सुधारणांत काढून टाकण्यात आला. एप्रिल 2024 मध्ये ट्रायने आणखी पुढे जाऊन शिफारस केली, की वेगवेगळ्या पट्ट्यांतही वाटणी चालावी, स्पेक्ट्रम भाड्याने देता यावा, आणि सरकारी निधीतून उभारलेल्या टॉवरच्या सुविधा किमान आणखी दोन कंपन्यांना न्याय्य अटींवर खुल्या कराव्यात. 2023 च्या दूरसंचार कायद्यात वाटणी आणि भाडेपट्टी या दोन्हींना जागा आहे. इतकेच नव्हे, सबळ कारणाशिवाय पडून असलेला स्पेक्ट्रम काढून घेण्याचा अधिकारही सरकारने स्वतःकडे ठेवला आहे. तो अधिकार वाडीच्या पातळीवर मोजून वापरला गेला, तर किनवटसारख्या तालुक्याचे चित्र बदलेल. विभागाच्या पातळीवर मोजला, तर पुण्यातला वापर दाखवून कंपनी सहज सुटेल.

रोमिंगची गोष्ट तर गमतीची आहे. 2010 च्या थ्री-जी लिलावात कोणत्याच खासगी कंपनीला सगळे विभाग मिळाले नाहीत, तेव्हा एअरटेल, व्होडाफोन आणि आयडियाने आपसात सर्कलअंतर्गत रोमिंगचे करार केले. दूरसंचार विभागाने ते बेकायदा ठरवून दंड ठोठावले. 2014 मध्ये न्यायाधिकरणाने कंपन्यांच्या बाजूने निकाल दिला. त्याच सर्कलअंतर्गत रोमिंगचा 17 जानेवारी 2025 रोजी केंद्रीय मंत्र्यांच्या हस्ते समारंभपूर्वक प्रारंभ झाला. डिजिटल भारत निधीतून उभारलेल्या 27,836 फोर-जी टॉवरवर बीएसएनएल, एअरटेल आणि जिओ यांच्या ग्राहकांना एकमेकांचे टॉवर वापरता यावेत, 35 हजारांवर गावांना लाभ व्हावा, अशी ती योजना. जून 2023 मध्ये बिपरजॉय चक्रीवादळाच्या वेळी गुजरातमध्येही काही दिवस हेच केले होते. तंत्रज्ञान तयार आहे, हे त्यातून सिद्ध झाले. वादळात चार दिवस जे जमते, ते पावसाळ्याचे चार महिने का जमू नये, याचे उत्तर तांत्रिक नाही.

कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ नाही. ज्याने डोंगरावर स्वतःच्या पैशाने टॉवर उभारला, डिझेल वाहून नेले, त्याचा फायदा न उभारणाऱ्याला फुकट मिळाला, तर पुढचा टॉवर कोण उभारील? आणि यजमान कंपनी आपल्या ग्राहकाला आधी आणि पाहुण्याला नंतर असे करणार नाही, याची खात्री काय? ब्रिटनने यावर 2020 मध्ये एक तोड काढली. तिथल्या चारही कंपन्यांनी ग्रामीण भागात 'शेअर्ड रूरल नेटवर्क' मान्य केले. जिथे एकाच कंपनीचा टॉवर होता, तिथला खर्च कंपन्यांनी मिळून, आणि जिथे कुणाचाच नव्हता, तिथला सरकारने उचलायचा. देशाच्या 95 टक्के भूभागावर किमान एका कंपनीचे फोर-जी, हे उद्दिष्ट ठरले. उद्दिष्ट भूभागाचे होते, लोकसंख्येचे नव्हते, हे लक्षात घेण्याजोगे. मेक्सिकोने उलटा प्रयोग केला: 700 चा पट्टा एकाच घाऊक जाळ्याला देऊन टाकला, सगळ्यांनी त्यावरून सेवा विकावी म्हणून. ते जाळे 2018 मध्ये सुरू झाले आणि 2021 मध्ये दिवाळखोरीच्या दारात गेले. अमेरिकेने 3.5 गिगाहर्ट्झच्या 150 मेगाहर्ट्झमध्ये तीन पायऱ्या केल्या: आधी नौदलाची रडारे, मग लिलावात परवाना घेणारे, आणि दोघेही वापरत नसतील त्या जागी व त्या वेळी कुणीही. कोण कुठे वापरतो आहे, हे संगणकीय नोंदवही क्षणाक्षणाला पाहते. रिकाम्या पट्ट्याचा वाया जाण्याचा दोष या पद्धतीत सर्वांत कमी.

किनवटला आणखी एक पदर आहे, सीमेचा. तेलंगणा दूरसंचाराच्या नकाशावर अजून आंध्र प्रदेश विभागातच मोडतो. एकाच कंपनसंख्येचा पट्टा महाराष्ट्र विभागात एका कंपनीकडे आणि पलीकडे दुसरीकडे असू शकतो. लहरींना सीमा कळत नाही, म्हणून सीमेलगतच्या टॉवरची शक्ती आणि अँटेनाचे तोंड जपून ठेवावे लागते. आधीच दूर असलेल्या वस्तीला त्याचाही फटका बसतो.

टॉवर वाटून घ्यायचा म्हटले, की आरोग्याची एक शंका हमखास निघते: एका सांगाड्यावर तीन कंपन्या, म्हणजे तिप्पट किरणोत्सर्ग का? सप्टेंबर 2012 पासून भारताने आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश मर्यादा लागू केली आहे, आणि ती त्या जागी मिळणाऱ्या सगळ्या कंपन्यांच्या एकूण लहरींना लागू आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने 2011 मध्ये या लहरींना 'शक्यता आहे' या गटात ठेवले. 'सिद्ध' किंवा 'संभाव्य' या त्यावरच्या गटांत नाही. शिवाय टॉवर दूर असला, की तो गाठण्यासाठी कानाला लावलेला फोन अधिक शक्तीने प्रक्षेपण करतो. फोन वापरणाऱ्याच्या डोक्याला मिळणाऱ्या लहरींचा विचार केला, तर जवळचा वाटून घेतलेला टॉवर दूरच्या स्वतःच्या टॉवरपेक्षा बरा.

स्पेक्ट्रम वाटला, की सगळे सुटेल असेही नाही. टॉवरला वीज नसेल, बॅटरी चोरीला गेली असेल, अभयारण्यातून केबल टाकायची परवानगी अडली असेल, तर कोणतीही लहर उपयोगाची नाही. ज्या गावांत कुणाचीच रेंज नाही, त्यांच्यासाठी केंद्राने जुलै 2022 मध्ये 24,680 गावांची 26,316 कोटींची योजना बीएसएनएलकडे दिली. उपग्रहावरून इंटरनेटचा पर्यायही येऊ घातला आहे. महाराष्ट्र सरकारने नोव्हेंबर 2025 मध्ये स्टारलिंकशी इरादापत्र केले, त्यात गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि धाराशिव हे जिल्हे प्राधान्याचे. नांदेड त्यात नाही. जिल्ह्याची सरासरी काढली, की नांदेड शहराची रेंज किनवटच्या खात्यावर जमा होते, हा जुनाच अनुभव.

वाडीनिहाय मोजणी मात्र दिल्लीची वाट न पाहता होऊ शकते. ट्रायच्या 2024 च्या सेवा-गुणवत्ता नियमांनुसार कंपन्यांना आपापल्या रेंजचे नकाशे संकेतस्थळावर ठेवावे लागतात. प्रत्येक कंपनी आपला नकाशा वेगळा रंगवते. ते एकावर एक ठेवले, की कोणत्या वस्तीवर एकाच कंपनीचा रंग आहे ते दिसते. नकाशा खरा की खोटा, हे पाहायलाही साधा फोन पुरतो. सेटिंगमध्ये नेटवर्कची निवड 'ऑटोमॅटिक'वरून 'मॅन्युअल' केली, की दोन-तीन मिनिटांत त्या जागी पोहोचणाऱ्या सगळ्या कंपन्यांची नावे पडद्यावर येतात, आपले सिम कोणाचेही असो. आशाताईंच्या महिन्याच्या फेरीत प्रत्येक पाड्यावर ही यादी एकदा वहीत उतरवली, पावसाळ्यात एकदा आणि उन्हाळ्यात एकदा, तर कुठे टॉवर हवा आणि कुठे फक्त रोमिंगची परवानगी पुरे, हे ग्रामसभेच्या ठरावाला जोडता येईल इतके स्पष्ट होते.